विनीतच्या चाली

"थांब गं पोरी, सुई जरा बाजूला धर. आधी माझं गलबत हलवू दे, वीसच मिनिटं उरलीयत!"

सकाळचे सात वाजलेले. कोपर पश्चिमेला, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगचा तिसरा मजला. मी दक्षता भोईर, राहणार बाळकुम, ठाणे. एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. खाडीवर माणकोलीचा पूल झाल्यापासून ठाण्याहून डोंबिवली जवळ आली, म्हणून आमच्या मॅनेजरने डोंबिवली पश्चिमसुद्धा माझ्याच गळ्यात मारलीय. यादीतलं पहिलं नाव होतं मंदाकिनी घाडीगावकर, वय एकसष्ट, शुगर. एकदा उपाशीपोटी आणि एकदा खाल्ल्यावर दोन तासांनी.

काकू सोफ्यावर बसलेल्या. एक बाही वर सरकवलेली, दंडाला माझा पट्टा आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर निळा समुद्र, चार बंदरं आणि... लाल शिडाचं एक गलबत.

ते गलबत मी ओळखत होते. चांगलंच ओळखत होते!

काकूंनी बोट टेकवलं. गलबत सरकलं. आणि माझ्या खिशात माझा फोन थरथरला. मी चोरून बघितलं. 'विनीतने चाल खेळली. आता करिश्माची पाळी.'

आई शप्पथ!

आता थोडं मागचं सांगते, नाहीतर मला काय झालं ते कळायचं नाही. 'बंदर' नावाचा एक ऑनलाइन बोर्डगेम आहे. गलबतात मीठ, मासळी, कापड भरायचं आणि दुसऱ्याच्या बंदरात नेऊन विकायचं. एकामागून एक चाल. खेळणारे आम्ही चौघं. मी, माझी कॉलेजची मैत्रीण करिश्मा, तिचा नवरा हितेश (ही दोघं आता बंगळुरूला असतात) आणि हितेशचा जुना दोस्त विनीत. विनीत डोंबिवलीचा, एवढंच मला ठाऊक. त्याला मी कधी पाहिलेलं नव्हतं.

पहिला डाव पाच महिने चालला. पाच महिने! हितेश तीन-तीन दिवस चाल टाकायचा नाही आणि वर म्हणायचा, "अरे टेन्शन काय, गेमच तर आहे." माझं डोकंच फिरलं. मी नियम केला. सहा तासांत चाल, रात्री अकरा ते सकाळी सात घड्याळ बंद. उशीर झाला की लेटमार्क. तीन लेटमार्क झाले की बाहेर, तुझ्या जागी कॉम्प्युटर खेळेल. आमच्यात पाचवा होता माझा चुलतभाऊ भावेश, त्यालाही मी असंच काढलं. रडला, भांडला, आईकडे तक्रार केली. मी म्हटलं, कारण नको, चाल हवी.

विनीतचे नेहमी दोन लेटमार्क झालेले असायचे. तिसरा कधीच नाही. आणि खेळायचा काय! कुणाच्या ध्यानीमनी नसताना त्याचं गलबत येऊन माझा सगळा बाजार उठवून जायचं. मग मी पर्सनलवर चिडून लिहायचे, तो काहीतरी गमतीशीर उत्तर द्यायचा, मी परत लिहायचे... असं करता करता वर्ष गेलं. आणि काल संध्याकाळी आठ वाजता मी एकदाची हिंमत केली. 'विनीत, मला तू आवडतोस. गेमपुरता नाही. काय ते उत्तर दे.'

निळी खूण आली. म्हणजे वाचलं होतं. पण उत्तर आलं नाही. चालही आली नाही. मी जेवले नाही की झोपले नाही.

आणि आता सकाळी सात वाजता विनीतची चाल माझ्यासमोर एका काकूंनी खेळली.

"हा... तुमचा फोन?" मी पट्टा आवळत विचारलं.

"मुलाचा गं. रात्रपाळी आहे त्याची. कंपनीत फोन गेटवरच काढून घेतात, मग घरीच ठेवून जातो. 'आई, माझी चाल टाक, नाहीतर ती मला काढेल.' ती म्हणजे ठाण्याची एक पोरगी आहे. अगदी हेडमास्तरीण! सहा तास म्हणजे सहा तास."

हेडमास्तरणीने मान खाली घालून गळ्यातलं आयकार्ड हळूच उलटं केलं.

"म्हणजे कधीकधी तुम्ही खेळता?"

"कधीकधी काय, सगळ्या चाली माझ्याच! त्याला कुठे येतंय? सापशिडीतसुद्धा हरायचा तो. फेब्रुवारीत मी देवगडला भावाकडे गेलेले, तर आठ दिवसांत सगळ्या डावाची वाट लावून ठेवली ठोंब्याने."

मी सुई टोचली. चार वर्षांत शीर शोधायला मी कधी चुकले नाही, त्या दिवशीही चुकले नाही, एवढंच काय ते देवाने राखलं. पण आत नुसती आग लागलेली. वर्षभर मी कुणाच्या हुशारीवर फिदा होते? या काकूंच्या?

"आणि ते... चॅटमध्ये लिहिणं? तेपण तुम्हीच?"

"थोडं तो, थोडं मी सांगते. आता काय लिहू म्हणून मलाच विचारतो कधीकधी." काकूंनी कापूस दाबून धरला आणि एकदम आवाज खाली आणला. "काल तिने काय लिहिलंय माहितीय? जाऊ दे बाई, परक्या मुलीची गोष्ट. पण चष्मा लावून दोनदा वाचलं मी. मुलाला अजून माहीत नाही, साडेआठला घरी येईल तेव्हा... अगं, तुला एवढा घाम का आलाय? पाणी देऊ?"

"नको! सव्वासातला खाऊन घ्या. सव्वानऊला येते परत. वेळ चुकवू नका," एवढं बोलून मी जी जिने उतरले ती खाली स्कूटरपाशीच थांबले. लाजेने कान नुसते पेटलेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं 'आवडतोस' म्हणून, आणि ते वाचलं कुणी तर त्याच्या आईने!

आणखी दोन घरं उरकून मी खाडीकाठी मोठागावच्या रेतीबंदरावर गेले. टपरीवर चहा घेतला आणि भावेशला फोन लावला. तो आमच्याच लॅबमध्ये आहे.

"भावेश, माझा राजा, कोपरला एक सॅम्पल घेशील? सव्वानऊला."

"मी विठ्ठलवाडीत आहे."

"ये ना रे. प्लीज. कारण विचारू नको."

"कारण नकोच मला. ग्रुपमधून काढलेलंस ना? आता भोग!" आणि मेल्याने फोन ठेवला.

म्हणजे मलाच जायचं होतं. आणि साडेआठला तो घरी आलेला असणार.

मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. खेळ आईचा, तर आईचा. हरकत नाही, मी गलबतांच्या प्रेमात पडले नव्हते. मी पडले होते एका मेसेजच्या प्रेमात. आमची शेवंती आजी हॉस्पिटलमध्ये होती तेव्हाचा. तिला श्वास घेता येत नव्हता आणि मी बाहेर बाकड्यावर बसून चाल टाकत होते, कारण नियम माझा, मग मीच कशी चुकवू? तेव्हा विनीतने लिहिलेलं, 'दक्षता, फोन ठेव. आजीचा हात धर. घड्याळ मी थांबवतो.' आणि त्याने सगळ्यांची परवानगी घेऊन डाव तीन दिवस थांबवला होता. मी घाई करणारी, मला आयुष्यात कुणी 'थांब' म्हटलं नव्हतं. तो मेसेज मी किती वेळा वाचला असेन, गणती नाही.

तो आईने सांगितलेला असेल तर? मग मी नक्की कुणावर प्रेम करतेय? डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. चहावाला म्हणाला, "काय झालं ताई, आलं जास्त पडलं का?"

मी फोन काढला. गेममध्ये जुने डाव जपलेले असतात. आजी हॉस्पिटलमध्ये होती तो आठवडा शोधला. तारीख बघितली. फेब्रुवारी! आणि विनीतच्या चाली बघितल्या. अगं आई गं... गलबतात मीठ भरलं आणि नेलं कुठे, तर मिठागराच्या बंदरात विकायला! मासळी भरून ठेवली आणि सहा चाली तशीच कुजवली. मला तेव्हा वाटलेलं, माझी आजी आजारी म्हणून मुद्दाम हरतोय बिचारा. मुद्दाम कसला! काकू देवगडला होत्या. तो एकटाच खेळत होता.

म्हणजे तो मेसेज... त्याचाच होता!

मी टपरीवर एकटीच मोठ्याने हसले. आणि त्याच हसण्यात मला आठवलं की आमची लॅब नमुना घेतल्यावर पेशंटला मेसेज पाठवते. 'आपला नमुना दक्षता भोईर, बाळकुम केंद्र, यांनी घेतला.' काकूंना तो केव्हाच गेला असणार. झालं! आयकार्ड उलटं करून काय उपयोग?

सव्वानऊला दोन मिनिटं कमी असताना मी बेल दाबली. दार उघडलं. एक उंच, सावळा मुलगा. कंपनीचा निळा शर्ट, त्याची बटणं एक घर चुकवून लावलेली, डोळे रात्रभराच्या जागरणाने लाल. हातात फोन. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे.

"तू... म्हणजे खरंच तू..." तो म्हणाला.

"सॅम्पल घ्यायला आलेय." मी म्हटलं. मग माझा स्वभाव उफाळून आलाच. "वर्षभर फसवलंस मला. आईला बसवलंस खेळायला!"

"तू भावेशला काढलंस. सख्ख्या चुलतभावाला! मी तर कोण? कंपनीत फोन नेऊ देत नाहीत, हे सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, कारण नको, चाल हवी."

म्हणालेच असते. मी विषय बदलला.

"मग ज्या दिवशी सुट्टी असायची त्या दिवशीही उशीर का व्हायचा? तेव्हा तर फोन हातात असायचा ना?"

तो दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडत राहिला. एरवी मी अशा माणसाला दहा वेळा टोकलं असतं. त्या दिवशी मी थांबले... मला थांबावंसं वाटलं.

"मुद्दाम," तो शेवटी म्हणाला. "पाच तास झाले की तू पर्सनलवर मेसेज करायचीस. 'विनीत, झोपलास का? विनीत, चाल!' मी त्याचीच वाट बघायचो. वेळेत खेळलो असतो तर तू मला कशाला लिहिलं असतंस?"

"काय?" मी दाराला टेकले. "म्हणजे ते सगळे लेटमार्क..."

"दोन झाले की घाबरायचो. मग वेळेत चाल टाकायची, नवीन डाव सुरू झाला की परत उशीर." त्याने पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. "खरं सांगू दक्षता? मला तो गेम अजिबात आवडत नाही. मीठ कुठे विकायचं, मासळी कधी कुजते, काही कळत नाही मला. मला तू आवडतेस. कालचा मेसेज मी आत्ता साडेआठला वाचला. आई म्हणाली, आधी बस आणि मग वाच. मी बसलो नाही आणि पडलो."

खरंच, त्याच्या कोपराला खरचटलेलं. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी त्याचा हात ओढला, पिशवीतला कापूस काढला आणि तिथेच दारात त्याचं कोपर पुसायला लागले. त्याचा हात गरम होता.

"फेब्रुवारीतला तो मेसेज. आजीचा हात धर, तो..."

"तो मीच लिहिलेला. आई गावी होती." तो गोंधळला. "का? काही चुकलेलं का त्यात?"

"नाही रे वेड्या... काही चुकलं नव्हतं." आणि काल जे लिहिताना बोटं अडखळली होती, ते मी त्याच्या तोंडावर बोलून टाकलं. "आवडतोस मला. खूप."

मग तो काय म्हणाला, मी काय म्हटलं, सगळं सांगत बसत नाही. आजीबद्दल बोललो. त्याने विचारलं, मी एवढ्या घाईत का असते नेहमी. मी विचारलं, तो एवढा हळू का. बोलणं काही थांबेना. कधीतरी आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. शेजारची बाई दोनदा कचरा ठेवायच्या निमित्ताने डोकावून गेली.

"झालं का गं तुमचं?"

दारात मंदाकिनीकाकू. बाही वर सरकवलेली, मुद्रा एकदम शांत. मी घड्याळ बघितलं आणि ताडकन उठले. दहा वाजून पाच मिनिटं!

"अरे देवा! काकू, नमुना... सव्वानऊला घ्यायचा होता! आता घेऊन उपयोग नाही, रिपोर्ट चुकीचा येईल. उद्या सगळं पहिल्यापासून करावं लागेल. परत उपाशीपोटी, परत दोन तासांनी. सॉरी काकू, असं माझ्याकडून कधीच होत नाही!"

"मग उद्या ये. सातला ये. मधले दोन तास इथेच बस, घावणे करते."

"पण तुम्ही आतच होतात ना? समोर घड्याळ होतं. हाक का नाही मारलीत?"

काकूंनी बाही खाली केली. "सव्वानऊपासून बघतेय मी घड्याळ. हाक कशाला मारू? पाळी तुमची होती."