उलटा पीळ

आयरिस तिची जुनी पिकअप घेऊन आली तेव्हा मी वर्कशॉपमध्ये मटण-सँडविच खात होतो. बाहेर चव्वेचाळीस डिग्री.

"डग, इंजिन तापल्याचा हा बजर बघ बाबा. कोरड्या नाल्यापाशी गेलं की बोंबलतो. इंजिन तर थंडगार! पोरगा म्हणतो, आईचे कान वाजतात, गाडी विकू आणि तिला शहरात आणू."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई मेंढ्यांच्या रानात एकटी राहते. गाडी गेली की तिचं घर सुटणार. बिघाड मला सापडायलाच हवा होता.

बजरचं काम सोपं असतं. एक वायर किल्लीकडून करंट आणते, दुसरी इंजिनातल्या सेंडरला, म्हणजे पाण्याचं तापमान ओळखणाऱ्या पुर्जाला जाते. इंजिन तापलं की सेंडर ती वायर बॉडीला जोडतो आणि बजर वाजतो. म्हणजे वायर कुठेतरी सोलवटून बॉडीला लागत असणार. तीस वर्षं हाच धंदा करतोय, भुताखेतांवर माझा विश्वास नाही.

डॅशबोर्डखाली डोकं घातलं. सगळे जोड तिच्या नवऱ्याच्या हातचे, उलटे पिळलेले. क्लॅरी डावखुरा होता. सेंडरची वायर मात्र मध्येच कापलेली, दोन्ही टोकांना जुनी टेप. ती कशालाच लागत नव्हती.

"ही कोणी तोडली?"

"त्यानंच. कटकट नको म्हणाला. त्याच उन्हाळ्यात नाल्यापाशी इंजिन जळालं. गाडीपाशी थांबायचं सोडून चालत निघाला, बावळट."

अकरा वर्षांपूर्वी त्याला शोधायला गेलेल्यांत मीही होतो. सापडला तेव्हा जीव उरला नव्हता.

मी पकडीने दोन्ही वायरी कापून बजर काढला आणि टेबलावर ठेवला. आता आवाज कुठून येतो ते बघू, म्हणून वर्कशॉपला कुलूप लावून आम्ही नाल्याकडे निघालो. गाडी आयरिस चालवत होती.

उताराला लागलो आणि बजर वाजला.

लांबलचक, कर्कश.

"ऐकलंस?" ती कुजबुजली.

"थांबवा. आधी थांबवा!"

तापमानाचा काटा अगदी मध्यावर होता. बॉनेट उघडलं. खालचा पाइप फाटला होता, रेडिएटर कोरडाठाक. पाणीच संपलं की सेंडरला लागायला काही उरत नाही, काटा बिनघोर मध्यावर बसून राहतो. अजून दोन मैल गेलो असतो तर इंजिन जळालं असतं.

आयरिसने डॅशबोर्डवर थाप मारली, क्लॅरीच्या खांद्यावर मारावी तशी. "आली का अक्कल? अकरा वर्षं लागली रे तुला!" तिचे डोळे भरून आले होते.

मी टोपी काढली आणि त्याचे मनापासून आभार मानले. इंजिन निवल्यावर पाइपला टेप गुंडाळली, कॅनमधलं पिण्याचं पाणी ओतलं आणि हळूहळू परत आलो. तिच्या पोराला फोन करून सांगितलं, "आईचे कान ठणठणीत आहेत. गाडी विकायची नाही."

मग कुलूप काढून आत गेलो. बजर ठेवला होता तिथेच होता.

पण त्याच्या वायरींची मी कापलेली दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट जोडलेली होती. पीळ उलटा होता.