डाव्या हाताची नाडी

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्याच हातून घडलं आहे, म्हणूनच सांगायला इतकी वर्षं लागली.

गाव माकणी. साल १९४६, निजामाचा अंमल. रात्र नव्हती. चैत्रातली टळटळीत दुपार होती. भीतीला अंधार लागतोच असं नाही.

त्या दुपारी माझ्या थोरल्या भावाला, वीरभद्रअण्णाला, आम्ही तेरणेकाठच्या आमच्याच शेतात समाधी दिली. आम्हा लिंगायतांत मृताला खड्ड्यात मांडी घालून बसवतात. आयुष्यभर गळ्यात बाळगलेलं त्याचं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात.

मग माती.

सात दिवसांच्या तापात अण्णाला पूजा करवत नव्हती. त्याचं आणि स्वतःचं, दोन्ही लिंगं जगदेवी वहिनीच पूजत होती. त्या सकाळी पूजा अर्ध्यावर असतानाच अण्णा गेला. दोन्ही लिंगं ताम्हणात तशीच राहिली.

घरातून निघताना गावातल्या मठाच्या पंचाक्षरी स्वामींनी हात पुढे केला. मी ताम्हणातलं एक उचलून दिलं. हैदराबादच्या कॉलेजात असताना तीन वर्षं मी माझं स्वतःचं लिंगदेखील डबीबाहेर काढलं नव्हतं.

संध्याकाळी ताम्हणात उरलेलं लिंग पाहिलं.

वहिनीच्या लिंगाच्या काळ्या लेपावर केसाएवढी चीर होती.

या लिंगावर ती नव्हती...

मी कुणाला काही बोललो नाही. अण्णाचं ते लिंग चांदीच्या डबीत घालून वहिनीच्या हाती दिलं.

त्या दिवशी मी रडलोही नाही.

पहिल्या महिन्यात वहिनीची भूक गेली. दुसऱ्या महिन्यात केस गेले, विंचरताना मुठीमुठीने. शोक असाच असतो, मी स्वतःला सांगत राहिलो. तो आधी मनात राहतो, मग जागा अपुरी पडली की हाडांत उतरतो.

तिसऱ्या महिन्यात तिचे गुडघे सरळ होईनात.

ती मांडी घालून बसे. पाठ ताठ. डावा तळहात छातीपाशी उताणा.

शेजारची कडूबाई तिला हसवायला बघायची. "अगं जगदेवी, मठाची गादी घेतलीस का काय? ऊठ की. त्या हातावर काय धरून बसलीस?"

वहिनी हसायची. हात मात्र खाली यायचा नाही.

लोहाऱ्याहून हकीम आणला. म्हातारा, थट्टेखोर माणूस. त्याने उजवी नाडी पाहिली, मान डोलावली. डाव्या मनगटावर बोटं ठेवली... आणि थट्टा थांबली.

"इकडची नब्ज कुठं ठेवली, बाई?"

वहिनीने डावा तळहात पुन्हा छातीपाशी नेला.

ओसरीत येऊन तो मला हळूच म्हणाला, "बीमारी न्हाय ही. गम हाय. आतून खातो तो माणसाला. म्हैनाभर काढंल, जास्त न्हाय."

त्या दुपारी मी तिला पाणी पाजायला बसलो. घरात आवाज नव्हता. तिच्या पाठीला माझ्या हाताचा आधार होता.

तिने श्वास सोडला...

झिर्र... झिर्र...

भुसभुशीत माती एखाद्या पोकळीत ओघळावी तसा आवाज. तिच्या छातीच्या आतून.

मी फुलपात्र खाली ठेवलं. "वैनी, एक सांगायचंय. त्या दिवशी माझ्या हातून..."

"ठाव हाय मला, भावजी."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिशी. रोज हातावर घेऊन पुजते की. माझं मला वळखू येणार न्हाय व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं नाव खराब झालं असतं. लोकांनी दारात उभं केलं नसतं तुम्हाला." मग अगदी साधेपणाने म्हणाली, "लई घट्ट धरलंय त्यांनी. मुठीत... लई गार हाय."

मी तडक मठात गेलो आणि सगळं सांगितलं.

"समाधी उघडायची न्हाय," स्वामी म्हणाले. "त्याचं लिंग त्याच्या डोक्यावर, हातभर खोल पूर. जगदेवीला म्या नवं देतो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी एकटाच शेतात गेलो. पाऊस लांबलेला, वारा पडलेला. समाधीवर एकही मुंगी नव्हती. अण्णाचं लिंग कमरेला बांधून मी खुरप्याने उकरू लागलो.

वीतभर...

दीड वीत...

खुरपं अडलं.

मातीचा एक गोळा होता. भोवतालची माती सुकलेली, हा ओला. आवळलेल्या मुठीतून सुटावा तसा. त्याच्यावर चार बोटांचे खळगे, आणि समोर एक अंगठ्याचा.

मी तो डाव्या हाताने उचलला. गोळा फुटला...

आत लिंग होतं. काळ्या लेपावर केसाएवढी चीर.

पुरुषभर खोल ठेवलेलं. सापडलं दीड वीत मातीखाली.

कुणी उकरल्याची खूण नव्हती. ते मी तेव्हा पाहिलं, आणि नंतर अनेकदा आठवून पाहिलं.

अण्णाचं लिंग मी त्याच जागी ठेवलं आणि माती लोटली. माती लोटताना डावा हात क्षणभर खाली राहिला. राहिला म्हणतो. धरला गेला, असं म्हणण्याचं धाडस मला आजही होत नाही.

स्वामींनी वहिनीच्या गळ्यात नवं नाही, मातीतून आलेलं तिचंच लिंग पुन्हा बांधलं. संध्याकाळी तिने अर्धी भाकरी खाल्ली. चौथ्या दिवशी भिंतीला धरून उभी राहिली. कडूबाईने दृष्ट काढली. पुढे वहिनी पुष्कळ जगली.

आणि मी?

मी अजूनही रडलेलो नाही. दवाखान्यात नवा डॉक्टर माझं डावं मनगट हातात घेतो. बोटं सरकवतो, पुन्हा सरकवतो. माझ्या तोंडाकडे पाहतो...

मग उजवा हात मागतो.