मी हॅलोजन बसवले त्या संध्याकाळी

ही गोष्ट मला कुणी सांगितलेली नाही. त्या गाडीत मी स्वतः बसले होते. ज्याला पटत नाही त्यानं इथंच थांबावं, मी काही कुणाचा हात धरून वाचायला लावत नाही.

साल १९९७. मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. सांगली-तासगाव रस्ता. कुमठे फाटा मागं पडला की एक मोरी लागायची आणि मोरीला लागून एक कडुनिंब.

वेळ... संध्याकाळी साडेसात.

मी क्रांती. माहेर कोरेगावचं, सासर तासगावजवळच्या मळ्यात. आमचे मालक जयराज. द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. मला बिजवराला दिलेली. मालकांची पहिली बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं तेव्हा.

तिचं नाव अंजना.

लग्न होऊन घरात पाऊल टाकलं आणि आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्या गळ्यात तिचा चांदीचा टाक घातला. आमच्याकडं रीतच आहे. दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात वागवायचा. नवं लुगडं आलं तर आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं.

"धाकली हायस तू," आत्याबाई म्हणाल्या. "आदी तिचं, मग तुजं."

घ्या! मेलेल्या बाईच्या मागं रांगेत उभं राहायचं.

त्या घरात उठता-बसता अंजना. अंजनाच्या हातची आमटी. अंजनाचा शेडवरचा दरारा. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगीच नाही. मी जळायचे. सरळ सांगते, जळायचे. जिवंत सवत असती तर एकदा झिंज्या धरून सोक्षमोक्ष लावला असता. भिंतीवरच्या फोटोच्या झिंज्या कशा धरणार?

आणि त्यात ती गाडी.

पांढरी अँबॅसिडर. अंजना असताना घेतलेली. पुढं एकच लांबलचक गादी, तिघं आरामात मावतील. पण मला कधी पुढं बसू दिलं नाही.

"मागं बस. पुढच्या गादीची स्प्रिंग वर आलीया," मालक म्हणायचे.

मी एकदा दुपारी सगळी गादी हातानं दाबून बघितली. स्प्रिंग नाही नि काही नाही.

दुसरी गोष्ट. सांगलीहून अंधार पडल्यावर परत येताना, त्या कडुनिंबापाशी मालक गाडी हळू करायचे. अगदी थांबवायचेच. चार-पाच श्वास... मग परत गियर.

"काय झालं?"

"खड्डा हाय."

दिवसा मी तिथंही डोळे फाडून बघितलं. रस्ता तळहातासारखा सपाट. खड्डा नव्हता, पण आत शेतात एक वस्ती होती. दोन खोल्या, दारात तुळस.

माझं डोकं फिरलं. मेलेली सवत होतीच, आता ही कोण भवानी? रोज दारात उभी राहते की काय ह्यांच्यासाठी? मला काही दिसायचं नाही, कारण त्या गाडीचे दिवे म्हणजे देवघरातली समई. पिवळा, मिणमिणता उजेड. मोरीच्या कठड्यापलीकडं काळं कुट्ट.

मी मालकांना म्हटलं, दिवे बदला. सगळे हॅलोजन टाकतात आता.

"हायत ते बरे हायत."

"आवं, समोरची म्हैस दिसत नाही. मी आता दोन जिवांची आहे. चौथा महिना लागलाय."

"मी हळू चालवतो की." आणि तोंड फिरवलं. इतक्या साध्या गोष्टीला असं तोंड फिरवलं म्हणजे पाणी मुरतंय, हे मला तिथंच कळलं.

त्या गुरुवारी आम्ही मिरजेला माझी तपासणी करून सांगलीत आलो. मालक बेदाण्याचे नमुने घेऊन व्यापाऱ्यांकडं गेले. गाडी ऑईल बदलायला गॅरेजवर लावलेली. मी तिथंच सावलीत बसले होते. शेजारी अर्जुना म्हणून गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा माणूस होता. मी त्याला म्हटलं, "पुढचे दोन्ही दिवे काढा, हॅलोजन घाला. मालकांनीच सांगितलंय."

धडधडीत खोटं. पण बोलले.

अर्जुना खूश. "वैनी, आता बघा. फाट्यावरनं तासगाव दिसंल!"

त्यानं दिव्याची काच उतरवली. आणि थांबला.

"वैनी... काचेवर कुंकवाचं बोट हाय. जुनं हाय. पुसू का ऱ्हाऊ दे?"

मी वाकून बघितलं. गाडी घेतली तेव्हा पूजेला लावलेलं बोट. अंजनाचं. दोन पावसाळे झाले, गाडी शंभर वेळा धुतली, आणि ते बोट तसंच लालभडक.

सवाष्णीनं लावलेलं कुंकू पुसत नाहीत. आमच्याकडं शेंबडं पोरगंही हे जाणतं. मीही जाणत होते.

"पुसा," मी म्हटलं.

मालक अंधार पडता पडता आले. मी आधीच गाडीत बसले होते. पुढं.

"क्रांती, मागं बस."

"आज मी पुढंच बसणार. घरी लक्ष्मीचा घट मांडलाय, बायका हळदी-कुंकवाला यायच्यात. चला."

त्यांनी दिवे लावले. समोरची भिंत चुना मारल्यासारखी पांढरीफटक झाली.

मालकांचा चेहरा त्याहून पांढरा.

"कुणी बदलले?"

"मी."

"जुने बल्ब कुटं हायत? आत्ता बसवून घिऊ. क्रांती, तुज्या पाया पडतो..."

नवरा पाया पडतो म्हणाला. त्या भवानीसाठी! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"फुटले. चला म्हणते ना!"

त्यांनी गियर टाकला. गाडी निघाली.

कुमठे फाट्यापर्यंत सगळं ठीक होतं. उसाच्या पानांवरची धूळसुद्धा दिसत होती. रातकिडे ओरडत होते. लांब कुठंतरी इंजिनाची फटफट चालू होती.

फाटा मागं पडला.

आणि रातकिडे थांबले.

एकदम. बटण दाबल्यागत. मग ती इंजिनाची फटफटही गेली... मग माझ्या लक्षात आलं, आमच्या गाडीचाही आवाज येत नाहीये. गाडी चालली होती, पण आवाज नव्हता.

समोर मोरी दिसली. कडुनिंब दिसला. आत ती वस्ती दिसली. दाराला कुलूप, तुळस वाळून कोळ झालेली. तिथं कुणी राहतच नव्हतं.

आणि कडुनिंबाला टेकून...

एक बाई उभी होती.

हिरवं लुगडं. पोट पुढं आलेलं. सातवा महिना असेल. दोन्ही हात डोळ्यांवर धरलेले, उजेड लागल्यासारखे. झाडाची सावली मागं लांबवर पडली होती. तिची नव्हती.

मालकांनी गाडी थांबवली.

"तिला उजेड सोसत न्हाई," ते हळूच म्हणाले.

मी भिंतीवरचा फोटो रोज पुसत होते. ओळखायला कितीसा वेळ लागतो?

"तुमी... रोज हिच्यासाठी थांबता?"

"मिरजेच्या दवाखान्यात निघालो होतो. हितं आल्यावर म्हनली, जीव घाबरतोय, जरा उतरवा. त्या झाडाला टेकली." ते झाडाकडंच बघत होते. "म्हनली, मला घरी न्या. तेवढंच म्हनली, नि तितंच गेली. मग मी नेतो. रोज हितं पुढं बसती. अंगणात गेलं की उतरती. दिसत न्हाई, पन मला कळतं."

अंगणात गाडी थांबली की डावीकडचं पुढचं दार खट्ट करून आपोआप उघडायचं, ते आठवलं मला. कुलूप ढिलं हाय, म्हणायचे.

मला भीती वाटायला हवी होती ना? वाटली. पण खोटं कशाला बोलू... त्या भीतीच्या वर जळफळाट होता. मी पोट घेऊन मागं आदळत-आपटत यायचे आणि ही राणी पुढं!

मी दाराचं हँडल दोन्ही हातांनी गच्च धरलं.

"ही जागा माझी आहे," मी म्हटलं. मोठ्यांदा म्हटलं.

झाडाखाली कुणी नव्हतं.

मग...

मागचं दार उघडलं. खट्ट. आणि लागलं.

मागची गादी कुरकुरली. गाडी मागं जराशी बसली.

वास आला. द्राक्षं ज्या तेलात बुडवून वाळत टाकतात त्या डिपिंग ऑईलचा. आमचं शेड फेब्रुवारीत सुरू होतं. हा डिसेंबर होता.

मी मागं बघितलं नाही. माझी मान वळलीच नाही. मालकांनी हात वर करून आरसा जरासा हलवला, आणि घरापर्यंत आरशातच बघत राहिले. माझ्याकडं एकदाही नाही.

अंगणात गाडी थांबली. ओसरीवर बायका जमल्या होत्या. मालकांनी दिवे घालवले आणि वाट बघत बसले. मीही वाट बघत होते.

मागचं दार उघडलं नाही.

पाच मिनिटं... दहा मिनिटं...

ती उतरलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी हॅलोजन काढून परत साधे बल्ब घातले. कुंकवाचं बोट मात्र कुठून आणणार? पुढं कित्येक दिवस ते एकटेच संध्याकाळी त्या कडुनिंबापाशी जाऊन थांबायचे. एके दिवशी परत आले, जेवायला बसले आणि म्हणाले, "ती आता न्हाई तितं."

मी जिंकले असं मला वाटलं. देवाशपथ सांगते, त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. नवरा माझा, पुढची जागा माझी, पोटातलं माझं.

मे महिन्यात मुलगी झाली. भार्गवी.

पोरगी गुणाची, पण गाडीत माझ्या मांडीवर टिकायची नाही. हातपाय झाडून आकांत करायची. एकदा वैतागून मी तिला मागच्या गादीवर दुपट्यावर ठेवलं, तर चिडीचूप. मग तसंच पडत गेलं. मी पुढं, पोरगी मागं. मी काही पुढची जागा सोडणार नव्हते.

ती वर्षाची व्हायच्या आतली गोष्ट. भर दुपार. डोस पाजून मिरजेहून परत येत होतो. भार्गवी मागं झोपलेली. आरशात मला काही नीट दिसेना म्हणून मी मागं वळले.

पोरगी उताणी झोपली होती. अंग दुपट्यावर होतं...

डोकं गादीला टेकलेलं नव्हतं.

चार बोटं वर होतं. मान सैल, श्वास संथ, आणि डोक्याखाली काही नाही. मी बघत असतानाच तिच्या कपाळावरचं जावळ हळूच मागं गेलं... थांबलं... परत मागं गेलं.

खिडक्या बंद होत्या.

मी किंचाळलेही नाही. तशीच गादीवरून वाकले, पोरीला दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरलं. ती जागी झाली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या खांद्यावरून मागं वळून, त्या रिकाम्या गादीकडं दोन्ही हात पसरले आणि ओठ थरथरवत म्हणाली,

"आई..."

तिचा पहिला शब्द.

मालकांनी आरशात बघितलं. "बोलली," एवढंच म्हणाले. कुणाला म्हणाले, मी विचारलं नाही.

आज भार्गवी सव्वीस वर्षांची आहे. पुण्याला नोकरी करते. लय मायेची पोर. रोज फोन करते, मला आईच म्हणते. पण सुट्टीत घरी आली, आणि दारातून हाक मारली, की मी लगेच ओ देत नाही.

आधी मागं वळून बघते.