दुसरा डोळा

खोटं वाटत असेल तर वाटू द्या. यिरगा माझा सख्खा मामा आहे आणि तो अजून हयात आहे.

इथिओपियातल्या ताना सरोवराकाठी आमचं गाव. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ईस्टरआधीचे उपवास चालू होते. गुरुवारची टळटळीत दुपार.

मामा चर्चच्या भिंतीवर जगाच्या अंताचं चित्र रंगवत होता. अजगर झाला होता, सात डोक्यांचा पशू झाला होता. उरला होता जमिनीतून वर येणारा दुसरा पशू.

आमच्याकडे चित्रात सज्जनाला दोन डोळे असतात. दुर्जनाचा चेहरा कायम एका बाजूने, डोळा एकच.

मामाने त्या पशूला दोन डोळे काढले... थेट समोर बघणारे.

चर्चचे म्हातारे पाद्री अब्बा वोर्कू चवताळले. "अक्कल गहाण ठेवलीस का रे? सैतानाला दोन डोळे?"

"तो कोकरासारखा दिसतो, असं शास्त्रातच लिहिलंय ना अब्बा? मग एकडोळ्या कोकराला कोण फसेल?"

"एका डोळ्याने त्याला आपल्याकडे बघता येत नाही, शहाण्या! म्हणून तशी रीत."

मामा नुसता हसला. पहिल्यापासून हट्टी.

शुक्रवारी त्याची सहा वर्षांची लेक माहलेत नेहमीसारखी जेवणाची टोपली घेऊन आली. भिंतीपाशी थबकली.

"बाबा, हा मला नावाने हाक मारतो."

"चल, चहाटळ कुठली!"

ती गेली. आणि भिंतीतून... गवत चघळल्याचा आवाज आला.

मामा बाहेर धावला. अंगणात एकही मेंढरू नव्हतं.

शनिवारी छपराखालची कबुतरं गायब. रोज उच्छाद मांडणारी कबुतरं... एकही नाही.

रविवारी दुपारी माहलेत घरात सापडेना. मामा धापा टाकत चर्चमध्ये पोचला. पोरगी चित्राला गाल चिकटवून उभी होती.

"हो... येते," ती भिंतीला सांगत होती.

मामाने तिला मागे ओढलं, सुरीने पशूचा एक डोळा खरवडला आणि रंग लावून त्याचा चेहरा बाजूला वळवला.

भिंतीतून येणारा चघळण्याचा आवाज थांबला.

घरी येताना माहलेत पुढे चालत होती.

"माहलेत, इकडे बघ."

तिने मान वळवली... अर्धीच.

मामा दुसऱ्या बाजूला गेला. तीही तेवढीच फिरली.

त्रुनेश मामी म्हणते, "पोर ठणठणीत आहे. तुमचंच डोकं फिरलंय." अब्बांनाही काही वावगं दिसलं नाही. मलाही तिचे दोन्ही डोळे दिसतात. पण मामाला तीन वर्षांत लेकीचा एकच डोळा दिसलाय. कायम डावा.

आज जेवण झाल्यावर त्याने माझ्याकडे काळा रंग मागितला; त्याचे रंग मीच कालवतो.

"अब्बांना बोलू नकोस," तो म्हणाला. "त्याचा डोळा त्याला परत देतो. माझी लेक मला एकदा समोरून बघू दे रे."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण एवढा मोठा माणूस माझ्यासमोर रडत होता. मी रंग देऊन टाकला.

तो आत्ताच चर्चकडे गेला.

त्याच्या मागोमाग माहलेतही पळाली. मी तिला हाका मारतोय.

ती वळून बघत नाही.