यादीतल्या दोघी

मी दार उघडलं तेव्हा केस ओले होते, हातात कंगवा होता. बाहेर एक उंच तरुण उभा. मतदार यादीवरचं नाव वाचून त्याने विचारलं, "त्या... घरात आहेत?"

"मीच ती."

"पण इथे वय बावन्न लिहिलंय!"

"पंचवीस! आकडे उलटे छापलेत. एवढी का म्हातारी दिसते मी?"

"नाही हो, उलट—" आणि तो कानांपर्यंत लाल झाला. मला तो तिथेच आवडला.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि आईला शोधत होता. तो चार वर्षांचा असताना ती घर सोडून गेली होती. माहेरचं नाव लावून ती या शहरात राहते, एवढंच मामाकडून कळलं होतं. यादीत माझ्याखेरीज त्या नावाची अजून एक होती, पण बत्तीस वर्षांची.

"माझं वय चुकलं, तर तिचंही चुकलं असेल की," मी म्हणाले.

त्या घराला कुलूप होतं. तीन रविवार आम्ही जात राहिलो, जिन्यावर बसून वाट बघत राहिलो. बाहेर पावसाची भुरभुर. मी चष्म्याच्या दुकानात कामाला म्हणून तो मला 'चष्मेवाली' म्हणायचा.

"मला नाव आहे म्हटलं."

"ते तोंडात आलं ना... की मी एकदम चार वर्षांचा होतो."

चौथ्या रविवारी दार उघडलं. पन्नाशीच्या बाई. हनुवटी अगदी त्याच्यासारखी. त्याने मामाचं नाव सांगितलं. त्यांनी दाराची कड घट्ट धरली.

"आई, कोण आलंय गं?" आतून एका मुलीचा आवाज आला.

"कोणी नाही, पत्ता चुकलेत," त्या म्हणाल्या. मग त्याच्याकडे बघत, "मी ती नव्हे. एका नावाची माणसं असतात हो बरीच."

"असतात," तो म्हणाला. "त्रास दिला."

आम्ही चार पायऱ्या उतरलो असू. वरून हळूच आवाज आला, "ओलं आहे... जपून उतर रे, बाळा."

तो थांबला. पण वळला नाही.

बसथांब्यावर तो रडला. मी त्याचा हात धरला, आणि धरलेलाच ठेवला. मग न राहवून बोलले, "मला आवडतोस तू. हवं तर नाव बदलते मी."

"वेडी आहेस का? एकीने माझ्यापायी नाव नाकारलं आजच. तू नको."

"मग?"

त्याने माझ्या कपाळावरची ओली बट मागे सारली.

"मलाही तू... खूप. पण थोडे दिवस दे मला."

बस आली. तो खिडकीशी बसला, काचेला तळहात लावून.

या गोष्टीला दोन वर्षं होतील. त्याने थोडेच दिवस मागितले होते... मी अजून देतेच आहे.