भारतीचा ठिपका

दार लोटून घ्या आणि बसा. लाईट साडेनऊशिवाय यायची नाही, तोवर एक सांगतो. भुतावर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. चाळीस वर्षं या भिंगारमध्ये रेडिओ उघडतोय मी. आत तारा असतात, दुसरं काही नसतं. पण हे आपल्या सम्राटच्या बाबतीत घडलंय, आणि तो पोरगा खोटं बोलणारा नाही.

मागल्या वर्षी, अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरची बावीस तारीख. रविवार. अमावास्या तीन दिवस आधीच होऊन गेली होती, तेव्हा तिच्यावर काही ढकलू नका.

संध्याकाळी सातला सम्राट एका वायरीसाठी माझ्या दुकानात आला. त्याचे वडील सहादू शाहीर तुम्हाला आठवत असतील. जलशातली गाणी स्वतः रचायचे, पण अक्षरओळख नव्हती, सगळं डोक्यात. त्यांची थोरली भारती घरी कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं करायची. ती रोज बापाला गायला लावायची आणि टाईप करून घ्यायची. एकशे बारा गाणी झाली. ऑगस्टमध्ये ती काविळीनं गेली. त्या धक्क्यानं शाहिरांना लकवा झाला, वाचा गेली. गाणी आता जगात एकाच ठिकाणी उरली होती, भारतीच्या हार्डडिस्कमध्ये.

डॉक्टर म्हणाले होते, आजची रात्र निघाली तर निघाली. शाहीर सारखे डाव्या हातानं कॉम्प्युटरकडं बोट दाखवत होते. सम्राटनं मशीन लावलं, तर त्याचा पॉवर सप्लाय धूर काढून जळाला. मग तो जायचा त्या कॉम्प्युटर क्लासमधलं जुनं मशीन त्यानं घरी उचलून आणलं. भारतीची डिस्क त्यात दुसरी म्हणून जोडायची, एवढंच काम. पण डिस्कला करंट देणारा मोठा प्लग त्या मशीनला एकच, आणि तो त्याच्या स्वतःच्या डिस्कला लागलेला. दुसरा होता तो फ्लॉपीचा, बारका. तो काही बसेना. एकाचे दोन करणारी वायर मिळते नगरला, आणि ते दुकान रविवारी बंद.

"चाचा, कायतरी करा," एवढंच म्हणाला. बहिणीच्या वेळी रडला नव्हता. त्या दिवशी रडला.

मी केलं. जळलेल्या सप्लायचा मोठा प्लग घेतला. तारा काळ्याठिक्कर पडल्या होत्या, म्हणून पिना ओढून काढल्या आणि नव्या तारा घातल्या, त्यांची दुसरी टोकं फ्लॉपीच्या बारक्या प्लगात खोचायची. एक पिवळी, दोन काळ्या, एक लाल. चालू प्लग समोर धरून बघत बघत तसाच बनवला. मीटर लावून तपासायचं असतं, ते मी केलं नाही. एवढ्या वर्षांचा हात, त्याला कशाला मीटर?

भारतीची एक सवय सांगायची राहिली. घरातल्या अशा प्रत्येक प्लगवर, पिवळ्या तारेच्या बाजूला, ती व्हाइटनरचा पांढरा ठिपका द्यायची. भावाला बजावून ठेवलं होतं, "ठिपका बघितल्याबिगर जोडायचं न्हाई." मी घेतलेल्या प्लगवरचा ठिपका काजळी पुसताना निघून गेला होता.

मधे लाईट गेली, ती आली तेव्हा रात्रीचा एक वाजून वीस मिनिटं. आतल्या खोलीत शाहिरांची घरघर. सम्राटनं प्लग बसवला, बटण दाबलं. मशीन सुरू झालं. भारतीची डिस्क गप्प.

बघतो तर प्लग बाहेर. टेबलावर पडलेला.

नीट बसला नसेल म्हणून त्यानं मशीन बंद करून प्लग जोर लावून बसवला. तो प्लग सहज सुटत नाही. काढायला पकड लागते कधीकधी. पुन्हा बटण. पुन्हा गप्प.

प्लग बाहेर.

पुन्हा बंद केलं. तिसऱ्यांदा प्लग बोटांनी दाबून धरला. दुसरा हात बटणाकडं नेला. आणि...

मनगट धरलं कुणीतरी.

गार हात. भारती असंच धरायची. शिकवताना. तो चुकला की.

खोलीत व्हाइटनरचा वास...

त्यानं मागं बघितलं नाही. आतली घरघर थांबली... पुन्हा लागली.

"ताई," तो म्हणाला, "आबा चाललेत गं. सोड मला."

सोडलं नाही.

मग त्यानं खाली बघितलं. प्लग पुन्हा बाहेर. त्यावर पांढरा ठिपका. लाल तारेच्या बाजूला.

पावणेतीनला माझी कडी वाजली. दारात सम्राट. त्याच्या घरी जाऊन तेव्हा मीटर लावलं मी. पाच व्होल्टच्या जागी बारा. समोर धरून बनवला ना, आरशातल्यासारखा उलटा झाला होता. पिवळी लालच्या घरात, लाल पिवळीच्या, ठिपका होता तिथं. करंट गेला असता तर डिस्क जागीच जळाली असती. एकशे बारा गाणी माझ्या हातानं मेली असती. हे आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची.

तारा बदलून दिल्या. डिस्क फिरली. सम्राट बापाच्या कानाशी बसून एकेक गाणं वाचत गेला. शाहिरांचं बोट खाटेच्या कडेवर ताल धरत होतं, चौदाव्या गाण्यापर्यंत. मग ते थांबलं.

ठिपका सम्राटनं दिला नाही. मीही नाही. भारतीची व्हाइटनरची बाटली ऑगस्टपासून वाळून दगड झालेली, मी स्वतः बघितली.

काम झाल्यावर वायर मी मागून घेतली. या डब्यातच आहे. तौसीफ, पोरा, दिवा इकडं आण. वर्ष उलटून गेलं. आता त्या ठिपक्याला बोट लाव. हळू...

बघ.

अजून ओलाय.