नेमणुकीच्या फॉर्मवरची एक ओळ

तो तिच्याशी बोललेला पहिला शब्द होता, "शू..."

मुलाखतीचं पत्र घेऊन ती दारात उभी, आणि मुलाखत घेणारा संशोधक जमिनीवर पालथा. कान कपाटाच्या फटीला.

"रातकिडा आहे," तो कुजबुजला. "तुमच्या चपला वाजल्या आणि गप्प झाला."

"मग माफी कुणाची मागू? तुमची की त्याची?"

तो धूळ झटकत उठला, हसला. निवड तिथेच झाली म्हणायची.

काम मोठं गमतीचं होतं. सहा वर्षं झाडाझुडपांत बसून त्याने रातकिड्यांचे आवाज टिपले होते. तिने असा प्रोग्राम लिहायचा, की त्या हजारो तासांतून कुठला किडा कुठला, ते संगणकाने आपणहून ओळखावं. सगळं ठरलं. फक्त निधी मंजूर व्हायचा होता. तो आज येतो, उद्या येतो करत तिसरा महिना उजाडला.

त्या आवाजांतला एक किडा मात्र तिच्या डोक्यात शिरलाच होता. किरकिरता किरकिरता तो नेमका पाच सेकंद थांबायचा आणि मग दुप्पट जोर लावायचा. का? एवढंच विचारायला ती आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जायची. मग दोनदा. एकाच हेडफोनचा एक कान त्याला, एक तिला... थांबलेल्या त्या पाच सेकंदांत दोघं एकमेकांकडे बघायची आणि लगेच पडद्याकडे.

"पगार नाही, पत्र नाही, आणि ओढणीला इस्त्री करून निघालीस कुठे?" वहिनीने हटकलं.

"किडे ऐकायला."

"किडे, की किडेवाला?"

"वहिनी, दूध उतू जातंय."

"गॅस बंद आहे गं."

दरम्यान एका कंपनीनेही तिला नोकरी देऊ केली. शुक्रवारी पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. शुक्रवारी तीन वाजता त्याचा फोन आला. "मंजुरी आली. या." आवाज मात्र नापास झाल्यासारखा.

ती पोचली तेव्हा टेबलावर नेमणुकीचा फॉर्म होता. सगळा भरलेला. शेवटच्या ओळीवर त्याचं पेन अडलेलं.

"सर, काय झालं? मी नको आहे का?"

"छे, तसं नाही. इथे मी लिहून द्यायचंय... उमेदवाराशी माझं कुठलंही नातं नाही आणि नेमणुकीच्या दोन वर्षांत होणार नाही."

"मग? नाहीच आहे की."

"आज नाही." त्याचे कान लालबुंद झाले. "पुढचं... मला खोटं लिहायचं नाहीये."

तीन महिने प्रश्नांनी त्याचं डोकं खाणाऱ्या मुलीने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजत आले होते. मग तिने आणखी एक प्रश्न विचारला.

"या कामावर तुमच्याऐवजी दुसरं कुणी साहेब चालेल?"

"विभागप्रमुख बाई. त्या सही करू शकतात."

"मग माझा साहेब बदला." तिने फॉर्म त्याच्याकडे सरकवला. "तो किडा का थांबतो, ते शोधल्याशिवाय मी इथून हलणार नाही. आणि..."

"आणि?"

"आणि एरवीही हलणार नाही."

तो फॉर्म घेऊन दारापर्यंत गेला, परत वळला. "बाई कारण विचारतील. काय सांगू?"

"खरं ते सांगा." ती मोबाइलमध्ये कंपनीचा नंबर शोधत होती. मान वर न करताच म्हणाली, "पण आधी मला सांगा... सराव होईल."